मंद काळाचे धर्मशास्त्र : लार्श-साहित्यातील विकलांग माणूस आणि त्याचा भूतकाळ

बौद्धिक विकलांगतेसाठी मराठीत आजवर जे शब्द रूढ झाले त्यांपैकी बरेचसे कालवाचक किंवा वेगवाचक आहेत, ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. ‘मतिमंद’ या शब्दात मती आहे, पण न्यूनत्वाचा सारा भार ‘मंद’ या पदावर आहे. हा शब्द बोचू लागला तेव्हा सौम्य पर्याय म्हणून ‘गतिमंद’ आला. त्यात मती गेली, मंदत्व मात्र राहिले. ‘मागे पडलेला’, ‘वाढ खुंटलेला’, ‘वय झाले पण समज आली नाही’ या बोलण्यातल्या प्रयोगांतही माणसाचे मोजमाप काळाच्याच पट्टीने होते. ‘विशेष’ आणि ‘दिव्यांग’ हे अलीकडचे शब्द या मोजमापातून सुटतात खरे, परंतु ते थेट दुसऱ्या टोकाला, दिव्यत्वाच्या कालातीत प्रदेशात, जाऊन पोचतात. मंदत्व आणि दिव्यत्व यांच्या मधल्या प्रदेशात माणूस जन्मतो, वाढतो, रागावतो, आठवणी बाळगतो आणि म्हातारा होतो. त्या प्रदेशासाठी आपल्याकडे शब्द नाही असे नव्हे. तो शब्द नुसता ‘माणूस’ असा असल्यामुळे कोणाला पुरेसा वाटत नाही, एवढेच.

ही केवळ भाषेची लकब नाही. आल्फ्रेड बिने आणि तेओदोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची कसोटी तयार केली आणि १९०८ च्या सुधारित आवृत्तीत तिची मांडणी वयाच्या पायऱ्यांनुसार केली. पुढे १९१२ मध्ये विल्यम स्टर्न याने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना मांडली. तेव्हापासून चाळीस वर्षांच्या माणसाविषयी ‘याचे वय पाच’ असे शास्त्राच्या आधाराने बोलता येऊ लागले. या विधानातली हिंसा सूक्ष्म आहे. त्या माणसाने प्रत्यक्ष जगलेली पस्तीस वर्षे या भागाकारात हिशेबाबाहेर पडतात. त्याला मूल म्हटले की त्याचा भूतकाळ विचारण्याचे कारण उरत नाही, आणि भविष्यकाळही त्याच्या मालकीचा राहत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती आध्यात्मिक समुदायांतून, विशेषतः ‘लार्श’ या समुदायातून, जे लेखन निर्माण झाले त्याने हे मूल्यमापन उलटे करण्याचा प्रयत्न केला. ‘लार्श’ म्हणजे तारू. नोहाच्या तारवाचा संकेत त्यात उघड आहे. मंदत्व हे न्यून नसून देणगी आहे, आणि धावत्या आधुनिक माणसाला देवाच्या काळाची ओळख करून देणारा गुरू म्हणजे हा मंद माणूस होय, असे या लेखनाचे मध्यवर्ती प्रमेय आहे. त्यामागची करुणा अस्सल आहे याबद्दल मला शंका नाही. प्रस्तुत लेखाचा प्रश्न निराळा आहे. विकलांग माणसाला घड्याळाच्या काळातून सोडवून हे लेखन त्याला नेमक्या कोणत्या काळात नेऊन ठेवते? त्या काळात त्याला भूतकाळ असतो का? हा प्रश्न २०२० नंतर नुसता सैद्धान्तिक राहिलेला नाही. त्याचे कारण पुढे येईल.

१

लार्शची स्थापनाकथा सर्वश्रुत आहे. जाँ व्हानिए (१९२८-२०१९) हा कॅनडाच्या गव्हर्नर जनरलपदी पोचलेल्या मुत्सद्द्याचा मुलगा. त्याने तारुण्यात नौदलात नोकरी केली, ती सोडली, आणि पुढे ॲरिस्टॉटलच्या नीतिविचारावर प्रबंध लिहिला. ऑगस्ट १९६४ मध्ये त्याने उत्तर फ्रान्समधील त्रोली-ब्रय या खेड्यात एक साधे घर घेतले आणि राफाएल सिमी व फिलिप सो या बौद्धिक विकलांगता असलेल्या दोन पुरुषांना संस्थेतून आपल्या घरी राहायला आणले. उपचार करणारा आणि उपचार घेणारा असे नाते तिथे ठेवायचे नव्हते. एकत्र राहायचे होते. या एका घरातून जगभर दीडशेच्या आसपास समुदाय उभे राहिले. भारतात १९७० साली बंगळूर येथे ‘आशा निकेतन’ सुरू झाले, आणि तिथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे सर्व धर्मांचे लोक एका छताखाली आले. त्यामुळे केवळ ख्रिस्ती प्रार्थनेच्या वेळापत्रकावर त्या घराचा दिवस बांधता येईना. लार्शच्या धर्मशास्त्राने या भारतीय अनुभवाकडे द्यावे तितके लक्ष दिले नाही, हे जाता जाता नोंदवायला हवे.

ही कथा सांगताना ‘दोन पुरुष’ असेच बहुधा सांगितले जाते. वस्तुतः पहिल्या रात्री घरात तिसराही एक जण होता. त्याला ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते, आणि त्याला सांभाळणे जमणार नाही हे लगेच ध्यानात आल्यामुळे त्याला परत संस्थेत पाठवण्यात आले. व्हानिएने हे लपवले नाही. त्याने स्वतःच ते सांगितले आहे. परंतु कथेच्या रूढ कथनात तो तिसरा माणूस टिकत नाही. मंद काळाच्या या आख्यानात त्याच्या वाट्याला एक रात्र आली. वाङ्मयीन दृष्टीने पाहता आख्यानाची सुडौल आकृती साधण्यासाठी त्याला वगळावेच लागते, आणि म्हणूनच त्याची आठवण ठेवणे हे समीक्षेचे काम ठरते.

व्हानिएचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक म्हणजे ‘कम्युनिटी अँड ग्रोथ’. त्याच्या आशयापेक्षा त्याच्या घाटाकडे मी लक्ष वेधू इच्छितो. हे पुस्तक लहान लहान परिच्छेदांचे बनलेले आहे. प्रत्येक परिच्छेद जवळजवळ स्वयंपूर्ण असून पुढचा परिच्छेद मागच्यातून उगवतोच असे नाही. सूत्ररूप वचनांच्या या रचनेत एक विशिष्ट क्रियापद-काळ प्रभावी असतो. त्याला आपल्या व्याकरणात रीतिवर्तमान म्हणता येईल. दुर्बळ माणूस आपल्याला अमुक शिकवतो, समुदाय अशा अशा अवस्थांतून जातो, जखमी हृदय असे असे वागते. कधी, कुठे, कोणाच्या बाबतीत, हे क्वचितच येते. जिथे प्रसंग येतो तिथेही तो दृष्टान्ताच्या प्रमाणात लहान होऊन येतो. सूत्राला तारीख नसते. आपल्या संतवचनांतही ती नसते, म्हणून हा दोष मानायचा का, असे कोणी विचारील. परंतु संतवचन बोलणाऱ्याच्या स्वतःच्या अवस्थेविषयी असते. येथे सूत्र दुसऱ्याविषयी आहे, आणि त्या दुसऱ्याला ते खोडून काढण्याचे साधन नाही. रीतिवर्तमानात ठेवलेला माणूस सतत काहीतरी ‘शिकवत’ असतो. त्याच्या आयुष्यात काही घडत मात्र नाही.

२

या पार्श्वभूमीवर हेन्री नाउवेनचे ‘ॲडम : गॉड्स बिलव्हेड’ हे पुस्तक वाचले म्हणजे त्याचे वेगळेपण जाणवते. नाउवेन (१९३२-१९९६) हा डच कॅथलिक धर्मगुरू. येल आणि हार्वर्ड येथे अध्यापन करून नावारूपाला आलेला हा लोकप्रिय लेखक १९८६ मध्ये टोरांटोजवळच्या ‘डेब्रेक’ या लार्श समुदायात राहायला गेला. तिथे त्याच्याकडे ॲडम या तरुणाची सकाळ सोपवण्यात आली. ॲडम बोलू शकत नव्हता, आधाराशिवाय चालू शकत नव्हता, आणि त्याला अपस्माराचे झटके येत. त्याला उठवणे, अंघोळ घालणे, दाढी करणे, कपडे चढवणे, न्याहारी भरवणे यात रोज दोनेक तास जात. प्रारंभी घाबरलेला आणि उतावळा नाउवेन या दोन तासांत हळूहळू बदलत गेला. हे दोन तास म्हणजे लार्श-साहित्यातील कालविचाराचे सर्वांत घट्ट रूप आहे. त्यात पाण्याची ऊब आहे, चमचा तोंडाजवळ नेऊन थांबणे आहे. आणि घाई केली की त्या शरीराने दिलेला नकार आहे. घाई झाली आणि झटका आला, अशा प्रसंगातून ॲडम नाउवेनला आपला वेग सांगतो. शब्दाविना घडलेला हा खरा संवाद आहे. मला तो त्या पुस्तकातला सर्वांत विश्वसनीय भाग वाटतो.

फेब्रुवारी १९९६ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, ॲडमचे निधन झाले. नाउवेन त्या सुमारास आपल्या श्रद्धेविषयी, प्रेषितांच्या मतांगीकाराच्या आधारे, एक पुस्तक लिहिण्याच्या विचारात होता. ते बाजूला ठेवून त्याने ॲडमविषयी लिहायला घेतले. सप्टेंबरमध्ये तो स्वतःच वारला आणि पुस्तक १९९७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झाले. त्याचा घाट मुद्दाम पाहण्यासारखा आहे. प्रकरणांची आखणी ख्रिस्तचरित्राच्या क्रमाने केलेली आहे : अज्ञात वर्षे, अरण्य, सार्वजनिक जीवन, दुःखसहन, मृत्यू, पुनरुत्थान. प्रथमदर्शनी ही रचना संकोचात टाकते. एका न बोलणाऱ्या माणसावर ख्रिस्ताचे चरित्र पांघरणे म्हणजे त्याचे उरलेसुरले स्वत्वही हिरावून घेणे नव्हे काय? शिवाय बायबलच्या प्रतिरूपमीमांसेत पहिला आदाम आणि दुसरा आदाम, म्हणजे ख्रिस्त, यांचे नाते पौलाने जोडलेलेच आहे; योगायोगाने मिळालेल्या नावाचा नाउवेनला मोह पडला असेल तर नवल नाही.

तथापि या रचनेने एक अनपेक्षित गोष्ट साधली. शुभवर्तमान ही कथा आहे; तिला आरंभ, मध्य आणि अंत आहे. त्या साच्यात बसवायचे तर ॲडमला ‘अज्ञात वर्षे’ द्यावी लागली, आणि ती मिळवण्यासाठी नाउवेनला त्याच्या आईवडिलांकडे जावे लागले. ‘अरण्य’ द्यावे लागले, म्हणून डेब्रेकपूर्वी ॲडमने रुग्णालयात काढलेली वर्षे पुस्तकात आली. जी माहिती सूत्ररूप लेखनात कधीच आली नसती ती येथे घाटाच्या गरजेने आली. ज्या प्रतिरूपाने ॲडमचे व्यक्तित्व झाकले जाईल असे भय वाटत होते त्यानेच त्याला चरित्र दिले. अर्थात ते अर्धेच आहे. ॲडमचा राग, त्याचा कंटाळा, नाउवेन प्रवासाला निघून जाई तेव्हा त्या जाण्याचे त्याला काय वाटत होते, हे या पुस्तकात जवळजवळ नाही. आणि त्या दोन तासांखेरीजच्या उरलेल्या बावीस तासांत ॲडमजवळ कोण होते, हाही प्रश्न राहतो. ते इतर सहायक होते, आणि त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत. मंद काळ फुकट मिळत नाही. तो कोणीतरी आपल्या आयुष्यातून काढून देत असतो, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणीतरी म्हणजे स्त्रिया असतात.

३

आता या लेखनामागच्या धर्मशास्त्राकडे वळले पाहिजे, कारण अडचण तिथेच अधिक खोल आहे. ख्रिस्ती परंपरेतील कालविचाराचा पाया संत ऑगस्टिनच्या ‘कन्फेशन्स’च्या अकराव्या भागात घातला गेला. भूत नाहीसा झालेला आहे, भविष्य अजून नाही, आणि वर्तमानाला विस्तार नाही. मग काळ मोजतो म्हणजे आपण काय मोजतो? ऑगस्टिनचे उत्तर असे की काळ म्हणजे मनाचाच ताण, त्याचे स्मृती, अवधान आणि अपेक्षा अशा तीन दिशांना पसरणे. पाठ असलेले स्तोत्र म्हणताना पुढचे शब्द अपेक्षेतून स्मृतीकडे सरकत जातात, तसेच सर्व आयुष्याचे आहे. हे विवेचन विलक्षण सुंदर आहे. परंतु ते एका स्मरणशील, वाक्पटू मनाच्या आत्मनिरीक्षणावर उभे आहे. ज्याला स्तोत्र पाठ होत नाही आणि कालची ओळख आज उरत नाही, त्याच्या वाट्याला मग काळ येतो की नाही? ऑगस्टिनची मांडणी काटेकोरपणे लावली तर तो काळाबाहेर पडतो. मानसिक वयाचा भागाकार आणि ही आत्मनिष्ठ कालमीमांसा यांच्यात पंधरा शतकांचे अंतर असूनही दोन्हींचा परिणाम येथे एकच होतो.

स्कॉटलंडमधील ॲबर्डीन विद्यापीठात अध्यापन करणाऱ्या आणि त्याआधी परिचारकाचे काम केलेल्या जॉन स्विंटनने या अडचणीला सर्वांत गंभीरपणे तोंड दिले आहे. स्मृतिभ्रंशावरील त्याच्या २०१२ च्या ग्रंथात आणि ‘बिकमिंग फ्रेंड्स ऑफ टाइम’ या २०१६ च्या ग्रंथात त्याचे उत्तर थोडक्यात असे आहे : माणसाची ओळख त्याच्या स्वतःच्या स्मृतीवर अवलंबून नाही, ती देवाच्या स्मृतीवर आणि देवाच्या वतीने लक्षात ठेवणाऱ्या समुदायावर अवलंबून आहे. काळ ही आपल्या मालकीची वस्तू नसून दिलेली गोष्ट आहे. या मांडणीत त्याला जपानी धर्मशास्त्रज्ञ कोसुके कोयामा याच्या ‘थ्री माइल ॲन अवर गॉड’ या १९७९ च्या पुस्तकातील प्रतिमा उपयोगी पडते. माणूस ताशी सुमारे तीन मैल चालतो, आणि प्रेमाचा वेग तोच असल्याने देवही त्याच वेगाने चालतो. कोयामाला ही प्रतिमा थायलंडमध्ये धर्मकार्य करताना, वाळवंटातल्या चाळीस वर्षांच्या वाटचालीचे चिंतन करताना स्फुरली. तिच्यात आशियाई पायवाटेची धूळ आहे, म्हणूनच ती आपल्याला परकी वाटत नाही. पायी चालणाऱ्यांच्या भक्तिपरंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला देवाचा वेग पावलांचा असतो हे पटवून सांगावे लागत नाही.

स्विंटनचे कर्तृत्व मोठे आहे. गंभीर बौद्धिक विकलांगता असलेल्या माणसालाही स्वतःचे पाचारण असते, तो केवळ इतरांच्या सेवेचा विषय नसतो, हे तो आग्रहाने सांगतो. तरीही त्याच्या गद्यातले प्रथमपुरुषी अनेकवचन मला खटकत राहते. ‘आपण’ घाईत आहोत, ‘आपण’ मंद व्हायला शिकले पाहिजे : या ‘आपण’मध्ये विकलांग वाचक सहसा नसतो. स्टॅन्ली हावरवासच्या लार्शविषयक निबंधांतही हेच घडते. मंदत्व ज्याच्यावर लादले गेले आहे त्याला ते सद्गुण म्हणून शिकवण्यात काय अर्थ? चाकाच्या खुर्चीत बसून उद्वाहनाची वाट पाहणाऱ्याला काळ पुरेसा संथच असतो. ॲलिसन केफरने २०१३ च्या आपल्या ग्रंथात विकलांगांच्या काळाची जी संकल्पना पुढे नेली ती याहून अधिक खडबडीत आहे. त्यात जास्तीचा वेळ लागणे आहे, तसे अकस्मात थकवा येणे आहे, पुढचा अडथळा हेरून आधीपासून बेत आखणेही आहे. त्यात प्रसंगी घाईसुद्धा आहे. संथपणाच्या गौरवाला अशा काळात आपोआप स्थान मिळत नाही.

४

लार्श-साहित्याला जी मोठी कसोटी द्यावी लागली ती मात्र सिद्धान्तातून आली नाही. व्हानिएच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, फेब्रुवारी २०२० मध्ये, लार्शच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वतः करवून घेतलेल्या चौकशीचे निष्कर्ष जाहीर केले. १९७० ते २००५ या काळात, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या आवरणाखाली, व्हानिएने सहा स्त्रियांशी लैंगिक शोषणाचे वर्तन केले होते. जानेवारी २०२३ मध्ये इतिहास, समाजशास्त्र, मनोचिकित्सा, धर्मशास्त्र अशा विविध क्षेत्रांतील अभ्यासकांच्या आयोगाचा विस्तृत अहवाल आला. त्यात १९५२ ते २०१९ या काळात किमान पंचवीस स्त्रियांचा उल्लेख आहे. या स्त्रिया विकलांग नव्हत्या.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अहवालाचा सर्वांत महत्त्वाचा भाग स्थापनाकथेविषयीचा आहे. व्हानिएचा आध्यात्मिक गुरू, दोमिनिकन धर्मगुरू तोमा फिलिप, याने १९४६ साली ‘लो व्हीव’ नावाचे केंद्र स्थापन केले होते आणि व्हानिए १९५० मध्ये तिथे दाखल झाला. तोमा फिलिपला त्याच्या विकृत गूढवादी शिकवणुकीबद्दल आणि आचरणाबद्दल रोमच्या होली ऑफिसने १९५६ मध्ये दोषी ठरवले. १९६३ मध्ये तो त्रोली-ब्रय येथील विकलांगांच्या संस्थेचा पुरोहित झाला, आणि व्हानिए त्या खेड्यात आला तो त्याच्या पाठोपाठ. गुरूभोवतीचा विखुरलेला गट पुन्हा एकत्र आणणे हा लार्शच्या जन्मामागचा एक हेतू होता, असे आयोगाने पत्रव्यवहाराच्या आधारे दाखवले. रूढ कथेत तोमा फिलिप असतो, पण १९५६ हे साल नसते. दुर्बळांच्या हाकेला ओ देऊन एक माणूस ऑगस्ट १९६४ मध्ये एक घर घेतो, येथेच कथा सुरू होते. तिला आरंभ आहे, पूर्वकाळ नाही.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे. लेखकाच्या चारित्र्यावरून त्याच्या कृतीचे मूल्य ठरवू नये, हे तत्त्व मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारापासून आपल्या समीक्षेत चांगलेच रुजले आहे, आणि कवितेच्या बाबतीत मी ते आजही मानतो. परंतु साक्षीचे वाङ्मय स्वायत्ततेचा हा दावा करू शकत नाही. ‘मी असा जगलो, म्हणून हे सांगतो’ हाच त्याच्या प्रामाण्याचा आधार असतो. तो आधार गेल्यावर वाक्ये तीच राहतात, पण त्यांचा वक्ता बदलतो. तरीही केवळ ढोंग उघडे पडले एवढ्यावर हा विषय संपवणे मला अपुरे वाटते. राफाएल सिमी आणि फिलिप सो यांचे संस्थेबाहेरचे जगणे खोटे नव्हते; डेब्रेकमधल्या सकाळी खोट्या नव्हत्या. विचारण्याजोगा प्रश्न असा की, या साहित्याच्या कालकल्पनेतच असे काही होते का, ज्यामुळे इतकी वर्षे कोणी मागे वळून पाहिले नाही?

माझ्या मते होते. वर्तमान क्षणाची उपासना हा या अध्यात्माचा गाभा आहे. जो समोर आहे त्याच्याकडे पाहा, हिशेब ठेवू नका, क्षमा करा, उत्सव साजरा करा. विकलांग माणूस हा या निरंतर वर्तमानाचा प्रतिनिधी ठरवला गेला; तो भूतकाळाचे ओझे वाहत नाही, लगेच विसरतो, लगेच आलिंगन देतो. हे वर्णन वस्तुतः किती विकलांग माणसांना लागू पडते हा प्रश्न कोणी विचारला नाही. संस्थांमध्ये वर्षे काढलेली माणसे बहुधा खूप काही लक्षात ठेवून असतात. ते शब्दांत येत नसले तर हातात, झोपेत, जेवणाच्या ताटाशी असलेल्या नात्यात येते. पण ही निर्भूतकाळ निरागसता एकदा आदर्श ठरली की समुदायात भूतकाळाविषयी विचारणे हेच अनाध्यात्मिक ठरते. ज्या कल्पनेने राफाएलचा भूतकाळ पुसला तिच्याच छायेत तोमा फिलिपचा भूतकाळ सुरक्षित राहिला. दोघांचे विस्मरण एकाच साच्यातले होते, जरी एकाच्या बाबतीत ते अन्याय होते आणि दुसऱ्याच्या बाबतीत कवच.

विस्मरणाचे हे अध्यात्म ख्रिस्ती धर्मशास्त्रातून अपरिहार्यपणे निघत नाही, उलट त्याच्या विरोधात जाते. हा धर्म तारखेला चिकटून राहणारा आहे. त्याच्या मतांगीकारात एका रोमन अधिकाऱ्याचे नाव दर रविवारी उच्चारले जाते. नॅन्सी आइसलँड या स्वतः जन्मजात अस्थिविकार असलेल्या विदुषीने १९९४ च्या ‘द डिसेबल्ड गॉड’ मध्ये नेमक्या या ठिकाणी बोट ठेवले. लूकच्या अखेरच्या अध्यायात पुनरुत्थित ख्रिस्त शिष्यांना आपले हातपाय दाखवतो, तेव्हा जखमा भरून नाहीशा झालेल्या नसतात. गौरवित शरीरालाही इतिहास असतो. ऑगस्टिनदेखील ‘देवाच्या नगरा’विषयीच्या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात हुतात्म्यांच्या व्रणांपाशी थबकतो, इतर सर्व व्यंगे स्वर्गात नाहीशी होतील म्हणणारा तो ते व्रण मात्र शोभा म्हणून राहू देतो. व्यंग कोणते आणि व्रण कोणता, हे कोण ठरवणार, असे आइसलँडच्या पानांतून त्याला विचारता येते.

शुभवर्तमानातील आरोग्यकथांचा काळ मात्र दुसरा आहे. मार्काला ‘लागलेच’ या अर्थाचे क्रियाविशेषण अतिशय प्रिय आहे. योहानाच्या पाचव्या अध्यायात तळ्याकाठी पडलेल्या माणसाच्या आजाराची अडतीस वर्षे एका आकड्यात संपतात आणि बरे होणे क्षणात घडते. कथनाला त्या अडतीस वर्षांत रस नाही. केफर ज्याला उपचाराचा काळ म्हणते, म्हणजे विकलांगाचे एकमेव भविष्य बरे होणे हेच मानणारा काळ, त्याचे हे मूळ रूप आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात अंध स्त्रियांसाठी जो विभाग काढला त्याला बर्तिमी सदन असे नाव दिले गेले. यरीहोच्या रस्त्यावर दृष्टी मिळालेला तो बर्तिमय. नाव बरे होण्याचे, आणि आत चाललेले काम ब्रेल शिकण्याचे, हातांना उद्योग देण्याचे, म्हणजे बरे न होता जगण्याचे. नाव आणि काम यांतील ही फट मला फार बोलकी वाटते. तिथल्या स्त्रियांना त्या नावाविषयी काय वाटत होते, हे त्यांच्याच शब्दांत वाचायला मिळते तर एक वेगळेच धर्मशास्त्र हाती आले असते.

५

या सगळ्या लेखनात काळाला खऱ्या अर्थाने वाव देणारी लेखिका म्हणून मी फ्रान्सिस यंगचे नाव घेईन. ती बर्मिंगहॅम विद्यापीठातील आद्य ख्रिस्ती वाङ्मयाची अभ्यासक आणि मेथडिस्ट धर्मोपदेशिका आहे. तिचा थोरला मुलगा आर्थर १९६७ साली गंभीर बौद्धिक आणि शारीरिक विकलांगता घेऊन जन्मला. त्याच्याविषयी तिने एकदा लिहून हातावेगळे केले नाही. ‘फेस टू फेस’ हे पुस्तक १९८५ मध्ये आले, १९९० मध्ये तिने ते वाढवून पुन्हा लिहिले, आणि २०१४ मध्ये ‘आर्थर्स कॉल’ आले. मधल्या काळात लार्शच्या अनुभवावर धर्मशास्त्रज्ञांचे चिंतन एकत्र करणारा एक ग्रंथही तिने संपादित केला. एकच विषय तीन दशकांत पुनःपुन्हा लिहिला गेल्यामुळे त्यात जे घडते ते एकाच पुस्तकात घडणे शक्य नव्हते. शब्द बदलतात, कारण समाजाचे शब्द बदलतात. पहिल्या पुस्तकातला मुख्य प्रश्न दुःखाचा आहे : देवाच्या सृष्टीत हे असे का? शेवटच्या पुस्तकातला प्रश्न आर्थरच्या पाचारणाचा आहे, म्हणजे प्रश्नाचा कर्ता आईकडून मुलाकडे सरकला आहे. आधीचे उत्तर खोडले जात नाही. ते तसेच खाली दिसत राहते, जुन्या भिंतीवरच्या रंगासारखे.

यंगच्या गद्यात नाउवेनची ऊब नाही. ती मुळात पाठचिकित्सेत मुरलेली विदुषी आहे आणि मुलाविषयी लिहितानाही आपली शिस्त सोडत नाही. दवाखाने, शाळा, बसगाड्या, औषधे, विसाव्याची केंद्रे, दोन धाकट्या भावांचे वाढणे, हे सर्व तिच्या लेखनात सालवार येते आणि कधी कधी रूक्षही वाटते. पण या रूक्षपणातूनच आर्थरला वय मिळते. ‘आर्थर्स कॉल’ मध्ये तो चाळिशी ओलांडलेला पुरुष आहे, मूल नव्हे. त्याला घरी सांभाळता सांभाळता चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे, आईवडिलांचे हात थकले आहेत, आणि त्याला उचलणे आता त्यांच्याने होत नाही. तो दुसऱ्यांच्या देखभालीत राहायला जातो. त्या पानांवर यंग हे जाणे तपशिलाने लिहिते : त्याला काय लागते आणि काय आवडते, हे त्या नव्या माणसांना सांगावे लागते.